कहाणी ऐकायला कुणी आहे का

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय नानासाहेब, आपल्या महिला शाखेच्या शारदाताई, ग्वाल्हेरहून मुद्दाम आलेल्या पाहुण्या माधुरीताई, मंडळाचे चिटणीस चैतन्य, समोर बसलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, लेकीसुनांनो, जावईबापूंनो, आणि मागे दाराशी चहाची किटली घेऊन ताटकळलेले भैयाजी, तुम्हा सगळ्यांना या इंदूचा वाकून नमस्कार.

एवढं चैतन्यनं लिहून दिलंय. चहावाल्यांचं तेवढं मी माझ्या मनानं घातलं. पुढेही दोन पानं आहेत, पण त्यांत 'ऋणानुबंध' आणि 'कृतकृत्य' असे शब्द आहेत आणि मी तिसरी पास. म्हणजे तिसरीत बसले होते. पास झाले का ते आमच्या गुरसरायच्या शाळेतल्या बाईंनाच ठाऊक, आणि त्या काही आता सांगायला येत नाहीत. तर ती पानं मी पिशवीत ठेवते. चैतन्य, रागावू नकोस बाळा, अक्षर छान आहे तुझं.

पंचावन्न वर्षं झाली मला या झाशीत. लग्न होऊन लक्ष्मी गेटपाशी उतरले तेव्हा अठरा वर्षांची होते, आता उद्या दुपारच्या गाडीनं निघायचं. सलील आणि स्वरदा, माझा मुलगा आणि सून, नोएडाला घर घेऊन चालले आणि मलाही नेताहेत. निरोपाचा कार्यक्रम, म्हणून मघापासून सगळ्या डोळ्यांना पदर लावताहेत. आणि मी हसतेय. शारदाताईंनी हळूच विचारलंदेखील, इंदूवहिनी, बरं वाटत नाही का. बरं वाटतंय हो. फार बरं वाटतंय. मी आजी झालेय.

बघा, कसे गप्प झालात सगळे. आणि सगळ्यांच्या माना एकदम तिसऱ्या रांगेकडे वळल्या. स्वरदाकडे बघू नका. तिला काही झालेलं नाही, काही होणारही नाही. त्यांना मूल नको आहे, हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणींनी माझ्या ओट्यावर बसून त्याबद्दल हळहळ केली आहे आणि माझा अद्रकवाला चहा प्यायला आहे.

त्याचंही सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. पहिल्यांदा मलाही वाईट वाटलं होतं. मग मी विचार केला. आम्हाला मुलं झाली ती काय आम्ही बसून ठरवून झाली? सगळ्यांना होत होती म्हणून झाली. मग भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल तिकोन आला, नर्सबाई दारोदार आल्या, शेजारणीनं एकावर थांबवलं, म्हणून मीही सलीलवर थांबले. मला कुणी विचारलंच नाही, इंदू, तुला काय हवंय. या दोघांनी निदान एकमेकांना विचारलं. त्यांच्या बरोबरीच्या कुणाला मूल नाही, म्हणून यांनाही नको, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण जमाना ज्या वाऱ्यानं आम्हाला हलवत होता त्याच वाऱ्यानं त्यांना हलवतोय, एवढंच. पितळेचे हंडे मोडीत देऊन स्टीलची पातेली आणायला मीच तर पळाले होते, सासूबाई रडत असताना.

आणि आता तर काय, सगळ्यांचंच सारखं. नानासाहेब, तुम्ही रागवायचं नाही, पण तुमच्या मनगटावरचा तो पट्टा पावलं मोजतो म्हणून तुम्ही अध्यक्षांच्या खुर्चीत बसूनसुद्धा पाय हलवताय, मला इथून दिसतंय. शारदाताई सोळा तास उपाशी राहतात. आम्ही चतुर्थी चंद्र बघून सोडत होतो, या घड्याळ बघून सोडतात. आणि घरं. घरं सगळी राखाडी. एक भिंत राखाडी, एक उभा दिवा, एक कुंडी, बाकी सामान भंगारात. गेल्या वर्षी बाजारातून येताना मी सोनटक्क्यांच्या घरात शिरले. मला कळलंच नाही. तोच दिवा, तीच कुंडी. चपला काढल्या, पाणी प्यायले, पंख्याखाली बसले. त्यांची सून कानात ती पांढरी बोंडं घालून आली, माझ्यासमोर चहा ठेवला आणि गेली. तासभर बसले होते मी. तिला कळलं नाही आणि मलाही नाही. हसताय तुम्ही. मीही हसले होते. पण घरी आल्यावर दाराशी थोडी थांबले, आपलंच आहे ना म्हणून.

तर मुद्द्यावर येते. चैतन्य घड्याळ दाखवतोय.

आमच्याकडे श्रावणात शुक्रवारची कहाणी असते. तुमच्या बऱ्याच घरांत होती, आता नाही. इथल्या लोकांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो आणि आपला श्रावण मागून येतो, त्यामुळे झाशीत आपल्याला दीड महिना सणांचा गोंधळ असतो, ते असो. कहाणी पुस्तकातली नाही, सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली. सात सुनांची आहे. ती एकटीनं म्हणायची नसते. समोर पाट मांडायचा, ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता घेऊन बसायचं आणि दर वाक्याला 'हूं' म्हणायचं. हुंकार थांबला की कहाणी थांबली. इथे बुंदेली बायकाही तसंच करतात, हुंकारा देतात, म्हणून कुणाचं कुणाकडून आलं ते मला ठाऊक नाही. आमचे हे होते तोवर हे बसायचे. रेल्वेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र, आणि बरोबर जागेवर 'हूं'. हे गेले. मग शेजारच्या राधाबाई बसायच्या. त्या मुलाकडे मऊरानीपुरला गेल्या.

गेल्या श्रावणात पहिला शुक्रवार आला आणि ऐकायला कुणी नाही. म्हणजे घर भरलेलं होतं. सलील वरच्या खोलीत, त्याचं ऑफिस घरातच. स्वरदा दुसऱ्या खोलीत, तिचंही ऑफिस घरातच. दोघांच्या कानांत बोंडं. जेवायच्या वेळा वेगळ्या, कारण उपासाच्या वेळा वेगळ्या. मी सलीलच्या दाराशी गेले, त्यानं बोटानं खूण केली, मीटिंग. स्वरदाच्या दाराशी गेले. ती प्रेमानं बोलते हो, नेहमीच. म्हणाली, आई, दुपारी मला थोडी स्पेस हवी असते. मी म्हटलं घे बाई, घरात आता सामानच नाही, स्पेसच आहे.

खाली आले. पाट मांडलेला, निरांजन लावलेलं. आणि मी चूक केली.

सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच बजावलं होतं, इंदू, ऐकणारा नसेल तर त्या दिवशी कहाणी राहू दे. पण रिकाम्या पाटापुढे बसून 'ऐकायला कुणी आहे का' असं कधी विचारू नकोस. का, ते नाही सांगितलं. तेव्हा सासूबाई कारणं सांगत नसत. मी पाटावर चिमूटभर अक्षता ठेवल्या आणि सहज, आपलं सवयीनं, मोठ्यानं म्हटलं, कुणी आहे का ग ऐकायला.

आणि सुरू केली. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता.

'हूं.'

दुपारचे अडीच वाजलेले. ऊन अंगणात. भीती वाटायची वेळच नव्हती ती. मला वाटलं सलील येऊन बसला मागे. आवाज बारीक होता, पण मला बरं वाटलं, मुलगा आला म्हणून मी मागे न बघता सांगत गेले. त्याला सात मुलगे. 'हूं.' सात सुना. 'हूं.' कहाणी सुफळ संपूर्ण झाली, मी प्रसादाला हात पुढे कर म्हटलं, आणि कुणी हात पुढे केला नाही. वर सलीलचा इंग्रजीत बोलण्याचा आवाज येत होता. पाटावरच्या अक्षता नव्हत्या.

मी कुणाला काही बोलले नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसले. श्रावण संपला तरी बसत राहिले, कारण एका शुक्रवारी मला ताप होता, मी आडवी होते, तर खालून विचारलं, 'आजी, आज नाही का?'

मला आजी म्हणाली. पंचावन्न वर्षांत या गल्लीनं मला बहू म्हटलं, अम्मा म्हटलं, बऊ म्हटलं. आजी पहिल्यांदाच. मी तापात उठले आणि जिना उतरले.

मुलगी आहे. आवाजावरून सहा-सात वर्षांची. आणि मराठी काय बोलते. आपल्या घरच्या मुलांना समजतं सगळं, पण उत्तर हिंदीतून देतात. ही नाही. अगदी सासूबाईंच्या वेळचं बोलते. मी 'चमचा' म्हटलं तर ही 'पळी' म्हणते.

चैतन्य, बसायला खूण करू नकोस, पाच मिनिटं दे. माधुरीताई, तुम्ही पाणी घ्या.

तुम्हाला वाटेल म्हातारीच्या कानांचं काही झालंय. मलाही वाटलं. मी डॉक्टरांकडे जाऊन कान दाखवून आले, ते म्हणाले अम्माजी, आपके कान तो मुझसे अच्छे हैं. बरं, माझे कान सोडा. पण यंत्राला तर कान नाहीत ना? स्वरदानं जमीन झाडायचं यंत्र आणलंय. चकतीसारखं, आपलं आपण फिरतं, भिंतीला टेकलं की वळतं. एक दिवस सलील मोबाईल घेऊन खाली आला. त्या यंत्रानं घराचा नकाशा काढलेला असतो म्हणे, कुठे सोफा, कुठे टेबल. मला विचारायला लागला, आई, देवापुढे पाटाशेजारी तू काय ठेवलंयस, हे रोज तिथून वळसा घालून जातं. मी म्हटलं काही नाही रे. त्यानं यंत्र सोडून दाखवलं. मोकळी फरशी, लख्ख, आणि ते यंत्र मधोमध थांबलं, डावीकडे सरकलं, गोल फिरून पुढे गेलं. नकाशात तिथे एक छोटा काळा गोल होता. मांडी घालून बसलेल्या पोराएवढा. सलील म्हणाला सॉफ्टवेअरची गडबड आहे, कंपनीला लिहितो. दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र वर नेऊन पुन्हा बघितलं, तर गोल माझ्या खाटेशेजारी होता.

तो लिहायचा राहून गेला.

आता स्वरदाचं. बाळा, तू घाबरू नकोस, मी वाईट काही सांगणार नाही.

माघातला एक शुक्रवार. स्वरदाच्या कानातल्या बोंडांची बॅटरी संपलेली, ती चार्जर शोधत खाली आली आणि देवघराच्या दाराशी आली. मला ठाऊक नव्हतं. मी कहाणीत होते. धाकटी सून रानात जाते, तिथे एक घर असतं, घराला सात खोल्या. एकेक दार उघडते, पहिलीत सोनं, दुसरीत धान्य, अशी. सातव्या दाराशी मी अडखळले. पन्नास वर्षं सांगितलेली कहाणी, आणि सातव्या खोलीत काय होतं तेच आठवेना. पाटावरून उत्तर आलं.

'सातव्या खोलीत कुणीतरी तिची वाट बघत असतं, आजी.'

दाराशी मोबाईल पडला. वळून बघते तर स्वरदा. मी विचारलं, ऐकलंस? ती म्हणाली पाइप वाजला असेल. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली हात धरून किती तरी वेळ उभी राहिली. पाणी वाहून चाललं होतं. पाणी वाया घालवू नका म्हणून मोबाईलवर लिहिणारी माझी सून.

आठ दिवसांत नोएडाचं ठरलं. कंपनी बोलावतेय, तिथे सोसायटीत ज्येष्ठांचा क्लब आहे, आईला सोबत मिळेल. सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला कळलं होतं. या घराला कुलूप लावायचं ठरलं होतं, आणि ते कुलूप कुणासाठी होतं तेही मला कळलं होतं.

तेव्हा मात्र माझं हसू गेलं. दीड महिना मी जेवले नाही धड. तुम्ही म्हणत होतात, झाशी सुटणार म्हणून वहिनी खंगल्या. झाशीचं काय हो, झाशी कुठे जाते. कुलूपबंद घरात, वीज तोडलेली, पाट बांधून ठेवलेला, आणि शुक्रवारी अडीच वाजता ती बसलेली असणार. कोण सांगणार तिला? मी सलीलला म्हटलं, मी इथेच राहते. तो म्हणाला, आई, एकटी कशी राहशील. एकटी, म्हणाला.

शेवटी मीच तिला विचारलं. गेल्या शुक्रवारी, कहाणी झाल्यावर. म्हटलं, आम्ही चाललो ग. तू येशील का आमच्याबरोबर? रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला तेवढंच. मग म्हणाली,

'आईनं विचारलं तर.'

आता मी काय करणार होते? स्वरदाला जाऊन सांगू, की तुला नको असलेली तुझ्या विचारण्यासाठी थांबली आहे? ज्या पोरीनं नऊ वर्षं सगळ्या गावाची बोलणी हसून घेतली, तिला मीही टोचू? नाही सांगितलं. पाटावर हात फिरवला आणि उठले. सामान बांधायला लागले. स्वरदा भांडी कागदात गुंडाळत होती, मी साड्या. दोघी एका खोलीत. तिच्या कानांत काही नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या शुक्रवारनंतर तिनं ती बोंडं घातलीच नव्हती.

आज सकाळी मी देवघरात जायला निघाले, तर आत स्वरदा होती. पाटासमोर जमिनीवर बसलेली, दाराकडे पाठ. हळू काहीतरी बोलत होती. मी ऐकलं नाही. खरं सांगते, मला सगळं ऐकायची खोड आहे, पण मी उलट्या पावली मागे आले.

दुपारी इथे येताना रिक्षात तिनं माझ्या मोबाईलवर तिकिटं पाठवली. आई, तुमच्याकडे असू देत, म्हणाली. मला इंग्रजी येत नाही. इथे आल्या आल्या मी चैतन्यला धरलं, म्हटलं नावं वाच, बरोबर आहेत ना. चैतन्यनं वाचली. सलील, वय बेचाळीस. स्वरदा, वय एकोणचाळीस. इंदू, वय त्र्याहत्तर. मग तो थांबला. म्हणाला, काकू, हे चौथं कुणाचं? मी म्हटलं वाच.

ईशानी. वय सात. खिडकीची जागा.

नाव मला आज कळलं. मला कधी सांगितलं नाही तिनं. आईला सांगितलं.

सलीलला वाटतंय सामान जास्त आहे म्हणून एक जागा जादा घेतली. वाटू दे. बिचाऱ्याला हळूहळू कळेल, त्याच्या कानांत अजून बोंडं आहेत. आणि मूल नको म्हणायचा स्वरदाचा विचार बदलला असं कुणी समजू नका, तिला पुन्हा काही विचारायला जाऊ नका. तिनं जे ठरवलं ते ठरवलं. जी येऊन बसलीच होती, तिला तेवढं सोडून जाववलं नाही स्वरदाला. कुठल्या मोबाईलनं सांगितलं नव्हतं ते. आणि मघाशी सोनटक्के वहिनी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला गेल्या तेव्हा ती 'इथे आहे कुणीतरी' म्हणाली, त्याचा राग मानू नका वहिनी. आहे.

तर असं आहे. पुष्कळ बोलले. या मंडळानं एका अडाणी बाईला शाल दिली, दोन शब्द बोलायला उभं केलं आणि दोनशे ऐकून घेतले, त्याबद्दल नानासाहेबांचे, शारदाताईंचे, माधुरीताईंचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. आमच्या घराची किल्ली चैतन्यकडे राहील. त्यानं तिथे एकटं जायला काही हरकत नाही, घर आता रिकामं आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या घराला नावं ठेवली गेली असतील, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. चुकलंमाकलं माफ करा.

भैयाजी, आता चहा द्या. आमच्या घरच्यांना चार कप द्या, एकात नुसतं दूध.